शब्द बदलले, क्रम तोच

प्रबंधातली उचलेगिरी आता जशीच्या तशी क्वचितच सापडते. उतारा उचलायचा, शब्द फिरवायचे आणि खाली आपले नाव घालायचे, ही रीत रुळली आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेथील संशोधनात स्वातंत्र्यलढ्यात इथे उभ्या राहिलेल्या समांतर शासनासारखे, म्हणजे प्रतिसरकारसारखे, स्थानिक विषय साहजिकच येतात. अशा विषयावरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, मूळ मजकूर असा आहे: ‘तुफान सेनेने जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. मिळालेला पैसा चळवळीच्या कामी आला.’ फिरवलेला मजकूर असा: ‘शेणोलीनजीक जून १९४३ या महिन्यात वादळी सैन्याने वेतनाची आगगाडी लुबाडली. हाती आलेली रक्कम आंदोलनासाठी खर्ची पडली.’ एकही वाक्य जुळत नाही. पण तुफान सेना हे प्रतिसरकारच्या दलाचे विशेषनाम आहे. त्याचे ‘वादळी सैन्य’ करणाऱ्याला विषय ठाऊक नाही, किंवा हे काम यंत्राने केले आहे. इंग्रजी शोधनिबंधांतही असेच घडले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’ झालेले सापडले आणि २०२१ मध्ये गिओम काबानाक व सहकाऱ्यांनी अशा विद्रूप शब्दप्रयोगांवरून संशयास्पद लेख हुडकले.

शब्दांपेक्षा क्रम अधिक बोलका असतो. प्रतिसरकारबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे: न्यायदान, ग्रामसफाई, दारूबंदी, कमी खर्चातले विवाह. त्यातले नेमके तेच तपशील, त्याच ओळीने आणि त्याच दाखल्यांसह दुसऱ्याकडेही आले, तर तो योगायोग म्हणवत नाही. तळटीपांतही माग लागतो. मूळ लेखकाने चुकीचा पृष्ठक्रमांक दिला असेल आणि तोच दुसरीकडे उतरला असेल, तर मूळ ग्रंथ उघडलाच नव्हता हे उघड होते.

मात्र प्रत्येक समान चूक पुरावा ठरत नाही. प्रतिसरकारचे केंद्र असलेले १९४३ मधले कुंडल ‘सांगली जिल्ह्यात’ दाखवणे चूकच, कारण ते तेव्हा औंध संस्थानात होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. पण आजचा नकाशा डोळ्यांपुढे असलेला कोणीही स्वतंत्रपणे असे लिहू शकतो.

संगणकाची मदत इथे तोकडी पडते. तो मुख्यतः जुळणाऱ्या शब्दांच्या लड्या शोधतो, आणि मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांची जागा सहज हलवता येते. जुने मराठी ग्रंथ त्याच्या साठ्यात नसले, किंवा युनिकोडपूर्व फाँटमधली फाइल त्याला वाचता आली नाही, तर साम्य शून्य दिसते. इंग्रजीतून गुपचूप मराठीत आणलेले प्रकरणही सहसा निसटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मात्र दंड टक्क्यांवर बेतला आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, ६० पर्यंत असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. शब्द फिरवणारा नेमका हाच आकडा खाली आणत असतो. त्यामुळे अहवालात आठ टक्के दिसले तरी मार्गदर्शकाला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून परिच्छेदागणिक मुद्द्यांचा क्रम ताडून पाहावा लागतो. शंका उरलीच, तर मौखिक परीक्षेत एखाद्या तळटीपेतला मूळ कागद कुठे पाहिला, हे विचारता येते.