चिडवायला ठेवलेलं नाव, अभिमानाने लावलेलं नाव

आज एका टोपणनावाची गोष्ट.

एमएससाठी अमेरिकेला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनिअरिंगवाल्यांच्या यादीत पर्ड्यू युनिव्हर्सिटी असते. इंडियाना राज्यातली. तिच्या टीम्सना म्हणतात ‘बॉयलरमेकर्स’, म्हणजे बॉयलर बनवणारे कामगार. तिकडे कितीतरी कॉलेजांच्या टीम्स वाघ, अस्वल, गरुड असतात. मग हेच कामगार का?

त्यासाठी १८९१ मध्ये जाऊया. तेव्हा रेल्वे वाफेवर चालायची. इंजिनाचा बॉयलर म्हणजे जाड पत्रे वाकवून, तापलेले रिव्हेट ठोकून जोडलेली अवाढव्य टाकी. त्या ठोकाठोकीचा आवाज इतका, की कामगारांचे कानच जायचे. डॉक्टरांनी त्या बहिरेपणाला नावच दिलं होतं, ‘बॉयलरमेकर्स डेफनेस’. म्हणजे काम प्रचंड कष्टाचं, पण मान कमी.

पर्ड्यूची स्थापना १८६९ ची. शेती आणि यंत्रविद्या शिकवायला काढलेली. इथली पोरं पुस्तकांबरोबर भट्टी आणि हातोडाही हाताळायची. जवळच्याच क्रॉफर्ड्सव्हिल गावात वॉबॅश कॉलेज होतं. ते १८३२ चं, जुन्या वळणाचं, ग्रीक-लॅटिनवालं. आता या दोघांत खुन्नस असणारच ना!

ऑक्टोबर १८९१ मध्ये पर्ड्यूची फुटबॉल टीम क्रॉफर्ड्सव्हिलला गेली आणि वॉबॅशला ४४-० ने धुऊन आली. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा तो.) तिथल्या स्थानिक पेपरला हे झोंबलं. त्यांनी हेडिंगमध्ये पर्ड्यूच्या पोरांना ‘धिप्पाड बॉयलरमेकर्स’ म्हटलं आणि वॉबॅशवाल्यांना बिचारे निष्पाप जीव! याआधीही पर्ड्यूवाल्यांना लोहार, शेतकरी, भोपळे सोलणारे असलं काय काय म्हणून झालं होतं.

पण ‘बॉयलरमेकर्स’ हे नाव पोरांना आवडलं. त्यांनी ते स्वतःच लावून घेतलं. योगायोग बघा, त्याच वर्षी कॉलेजने प्रयोगशाळेसाठी चक्क एक खरंखुरं रेल्वे इंजिन आणलं होतं. पुढे १९४० मध्ये इंजिनासारखी दिसणारी गाडी टीमचं मॅस्कॉट झाली. आणि हो, चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग पर्ड्यूचाच. म्हणजे तोही बॉयलरमेकर!

हे वाचताना मला माझं फर्स्ट इयर आठवलं. वर्कशॉपमध्ये दिवसभर कानस घासून जॉब बनवला होता. हाताला फोड आलेले. घरी आल्यावर काका हसत म्हणाले, “एवढी फी भरून फिटर व्हायचंय का?” मी गप्प बसले. आज कोडिंग करते, पण तो जॉब अजून टेबलवर ठेवलाय. काकांनी आता विचारलं तर म्हणेन, “हो, फिटर. मग?”

तुमच्या कॉलेजच्या टीमला काय म्हणतात, आणि ते नाव कुणी ठेवलं? नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!