सोळा घरांचा ठेका

रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ड्रम मशीनवर ठेका मांडावा लागतो. खाली ओळीने सोळा बटणं. एक वाद्य निवडायचं आणि जिथे ठोका हवा त्या घरातलं बटण दाबायचं. चार घरांची एक मात्रा धरली की चार मात्रांचं आवर्तन होतं. वेगवेगळी आवर्तनं एकामागून एक जोडून अख्ख्या गाण्याचा क्रम यंत्रात साठवता येतो. घरं भरणं कुणालाही जमतं (सोळाच तर आहेत!). कसब लागतं ते जोडणीत: हाय-हॅटची झांज कधी काढून घ्यायची, फिलचा भरणीचा तुकडा कुठे टाकायचा आणि किती वेळ काहीच बदलायचं नाही.

नेहमीचा आक्षेप असा, की ठोके अचूक जागी पडले की ताल निर्जीव होतो. तो निम्माच खरा आहे. रॉजर लिन यांच्या एलएम-१ या यंत्रात जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा टाकण्याची सोय होती. जोडीच्या वेळात पहिल्या ठोक्याचा वाटा ५० टक्के असला की चाल सरळ, ६६ च्या आसपास ती तिश्र अंगाने झुलते. म्हणजे झोल मोजूनही आणता येतो. यंत्र गायकाचं ऐकून लय सैल करत नाही, ही उणीव मात्र मान्य करावी लागते. पण तीही कधी पथ्यावर पडते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ च्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बममध्ये हेच ८०८ रागांखाली ठेवलं, तिथे ठेका जवळजवळ तानपुऱ्यासारखा अचल राहतो आणि सगळी हालचाल सुरावटीकडे जाते.