घोटाळ्याची केस असलेल्या नेत्याला पुन्हा मत द्यायचं का?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

वर्ध्यातून बोलतेय. मागच्या वेळी मी तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "ताई, नेत्यावर घोटाळ्याची केस आहे, पण आमची कामं तोच करतो. मग त्याला पुन्हा निवडून द्यायचं की नाही?" कोणी नगराध्यक्षाबद्दल विचारलं, कोणी आमदाराबद्दल, एकानं तर थेट परदेशातल्या राष्ट्राध्यक्षाबद्दल. खुर्ची लहान असो की मोठी, प्रश्न तोच आहे. म्हणून आज एक खरी केस घेऊ. ती आहे शेजारच्या नागपूरची, पण तिचे धागे आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात.

केस काय होती?

सुनील केदार हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. सावनेरचे माजी आमदार. महाविकास आघाडी सरकारमध्ये मंत्री, आणि त्याच काळात आपल्या वर्धा जिल्ह्याचे पालकमंत्री. २००१-०२ च्या सुमारास ते नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष होते.

बँकेनं तेव्हा सरकारी रोखे घ्यायचं ठरवलं. सरकारी रोखा म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज, त्यामुळे तसा तो सुरक्षित. पण हे रोखे घेतले दलाल कंपन्यांमार्फत. त्यातली एक होती होम ट्रेड. सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान जिच्या जाहिरातीत झळकायचे, तीच. बँकेनं पैसे दिले, रोखे काही हातात आले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. समजा तुम्ही बियाण्याचे पैसे आधी भरले, दुकानदारानं बिल फाडून दिलं, आणि बॅग आलीच नाही. तसंच झालं, फक्त आकडा होता सुमारे १२५ कोटी. व्याज धरून हा १५० कोटींचा घोटाळा म्हणून ओळखला जातो.

आणि अडकली ती एकटी नागपूरची बँक नाही. आपल्या वर्धा जिल्हा बँकेचा पैसाही होम ट्रेडमध्ये अडकला होता. उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचाही.

आता म्हणाल, बँकेचे पैसे गेले, आपलं काय गेलं? जिल्हा बँक म्हणजे गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांची बँक. पेरणीच्या आधी सोसायटीतून जे पीककर्ज मिळतं, त्यामागे हीच बँक असते. तिथे ठेवी असतात शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, पतसंस्थांच्या. पुढे नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका इतक्या खालावल्या की रिझर्व्ह बँकेनं परवाना द्यायला नकार दिला. शेवटी सरकारला मदत करावी लागली. यामागे फक्त रोख्यांचा व्यवहार नव्हता, थकलेली कर्जंही होती. पण ज्याच्या घरातल्या ठेवी अडकल्या, त्याला विचारा, मुलीच्या लग्नाच्या वेळी स्वतःचेच पैसे मागायला किती चकरा माराव्या लागल्या.

कोर्ट आणि मतदार: दोन वेगळी घड्याळं

आता तारखा नीट ऐका. गुन्हा दाखल झाला २००२ मध्ये. आरोपपत्रही त्याच वर्षी. निकाल कधी? २२ डिसेंबर २०२३. म्हणजे २१ वर्षांनी! तेव्हा जन्मलेलं पोरगं मतदार होऊन पदवीला पोहोचलं. नागपूरच्या न्यायालयानं केदार यांच्यासह ६ जणांना दोषी ठरवलं, ५ वर्षांची शिक्षा दिली.

मधल्या काळात विधानसभेच्या ४ निवडणुका झाल्या: २००४, २००९, २०१४, २०१९. सावनेरच्या लोकांनी चारही वेळा केदारांनाच निवडून दिलं.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार २ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी जाते. आधी अपिलासाठी ३ महिन्यांची सूट होती. ती पळवाट सुप्रीम कोर्टानं १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात बंद केली. म्हणून निकाल लागताच केदारांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, हायकोर्टातून जामीन मिळाला, पण दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही. त्यामुळे २०२४ ची विधानसभा त्यांना लढता आली नाही. त्यांच्या पत्नी अनुजा केदार उभ्या राहिल्या आणि हरल्या.

म्हणजे "कोर्ट बघून घेईल" असं म्हणून आपण मोकळे झालो, तर कोर्टानं बघेपर्यंत ४ वेळा बटण दाबून झालेलं असतं.

मग लोक चुकले का?

इथे घाई करू नका. लोकांची बाजूही ऐकायला पाहिजे. रात्री २ वाजता दवाखान्यातून फोन केला तर उचलणारा नेता, तहसीलमध्ये अडकलेली फाईल हलवणारा नेता, हे गावात फार मोठं भांडवल असतं. समोरचा उमेदवार कधी तेवढाही नसतो. शिवाय आरोप म्हणजे गुन्हा नाही. छगन भुजबळांचं बघा. मार्च २०१६ मध्ये अटक झाली, २ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. २०१९ ला येवल्याच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. नुसत्या अटकेवरून ज्यांनी निकाल लावून टाकला होता, त्यांनी काय म्हणायचं?

आणि ज्या श्रोत्यानं राष्ट्राध्यक्षाचं विचारलं, त्याच्यासाठी फ्रान्स. २००२ मध्ये जॅक शिराक पुन्हा उभे होते. पॅरिसचे महापौर असतानाच्या गैरव्यवहाराचे आरोप त्यांच्यामागे होते. पहिल्या फेरीत २० टक्केसुद्धा मतं नाही मिळाली! पण दुसऱ्या फेरीत समोर आले कडव्या उजव्या पक्षाचे ल पेन. डाव्या विचारांच्या लोकांनीही नाक दाबून शिराकना मत दिलं आणि ते ८२ टक्क्यांनी जिंकले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये कोर्टानं त्यांना दोषी ठरवलंच, २ वर्षांची निलंबित शिक्षा दिली. म्हणजे ८२ टक्के मतांनी डाग धुतला गेला नाही. त्या मतांचा अर्थ इतकाच होता, की समोरचा याहून वाईट वाटला.

माझं मत

कोर्टाचा प्रश्न असतो, "गुन्हा सिद्ध झाला का?" तिथे संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाच पाहिजे, कारण माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. मतदाराचा प्रश्न वेगळा आहे: "तिजोरीची चावी पुन्हा याच्या हातात देऊ का?" मत न दिल्यानं कोणी तुरुंगात जात नाही. आमदारकी हा कोणाचा सातबारा नाही. म्हणून संशयाचा फायदा इथे तिजोरीला मिळाला पाहिजे.

मी स्वतः ४ गोष्टी बघते.

एक, केस कुठल्या टप्प्यावर आहे? नुसती तक्रार, एफआयआर, आरोपपत्र, कोर्टानं आरोप निश्चित केले, की शिक्षा झाली? प्रत्येक पायरीला वजन वेगळं.

दोन, पैसा कोणाचा होता आणि तेव्हा सही कोणाची चालत होती? आंदोलनात रस्ता अडवल्याची केस आणि ठेवीदारांच्या पैशाची केस, दोन्हींना एकाच तराजूत टाकू नका.

तीन, नंतर त्यानं काय केलं? पैसे वसूल व्हावेत, खटला लवकर संपावा म्हणून धडपडला, की तारखा वाढवत राहिला?

चार, समोर कोण आहे? त्याचंही प्रतिज्ञापत्र उघडा.

हे सगळं मोबाईलवर मिळतं. अर्जासोबत उमेदवाराला नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात प्रलंबित खटले, शिक्षा, मालमत्ता, कर्ज, सगळं असतं. निवडणूक आयोगाचं 'नो युवर कॅन्डिडेट' ॲप आहे, 'मायनेता' ही वेबसाईट आहे. आणि सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार पक्षालाही सांगावं लागतं, की खटले असलेला उमेदवार का निवडला आणि बिनडागाचा का नाही मिळाला. "तो निवडून येतो" हे एकटं कारण चालत नाही. प्रचाराला कार्यकर्ता दारात आला की विचारा, "भाऊ, तुमच्या पक्षानं काय कारण दिलं?" उत्तर नसेल, तर तेही उत्तरच समजा.

पहिल्या प्रश्नाकडे येते. "आमची कामं तोच करतो." करत असेल, नाकारत नाही. पण ते काम त्याच्या खिशातून होत नाही. रस्ता, दवाखाना, पीककर्ज, सगळं आपल्याच पैशातून. १०० रुपयांतले किती कामाला लागले आणि किती वाटेत गेले, हा हिशेब मागणं म्हणजे उपकार विसरणं नाही. ठेवीच्या पैशांवर आरोप निश्चित झालेत, तर पटण्यासारखं उत्तर द्यायची जबाबदारी त्याची. ते मिळालं नाही, तर माझं मत दुसऱ्याला. समोरचा खरंच जास्त घातक असेल तरच फ्रान्ससारखं करीन, आणि दुसऱ्या दिवसापासून माहितीचा अधिकार वापरून प्रश्न विचारीन.

तुम्हाला हे पटत नसेल तर व्हॉईस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवते. आणि आजचं काम: आपल्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र उघडा, खटल्यांचं पान शोधा. १० मिनिटांत होतं. भेटू या, राजेहो!