स्वादुपिंडातील पुटी : शस्त्र केव्हा, संयम केव्हा?

मूतखड्याच्या शंकेने नाशिकच्या एखाद्या कारकुनाने पोटाचा सीटी स्कॅन करून घ्यावा आणि अहवालात मूतखड्याऐवजी ‘स्वादुपिंडात दोन सेंटिमीटरची पुटी’ अशी ओळ वाचावी, हा प्रसंग आता दुर्मीळ राहिलेला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात स्वादुपिंडाचा कोणताही विकार ठाऊक नसलेल्या २,८३२ रुग्णांचे स्कॅन तपासण्यात आले, तेव्हा ७३ जणांत अशी पुटी, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, आढळली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ च्या मार्चमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तले, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांची झोप या एका ओळीने उडावी, यात नवल नाही. परंतु पुटी म्हणजे कर्करोग नव्हे. बहुसंख्य पुट्या आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. प्रश्न आहे तो उरलेल्या थोड्या नेमक्या ओळखण्याचा.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पडलेले हे वीतभर लांबीचे इंद्रिय पाचक रस आणि इन्सुलिन निर्माण करते. मद्यपानाने किंवा पित्ताशयातील खड्याने त्यास सूज आली की रस बाहेर झिरपून साचतो आणि काही आठवड्यांत त्याभोवती भिंत तयार होते. ही आभासी पुटी. तिला स्वतःचे अस्तर नसते आणि तिचा कर्करोग होत नाही. अस्तर असलेल्या खऱ्या पुट्यांपैकी पातळ द्रवाच्या पुट्या जवळजवळ सर्वस्वी सौम्य असतात. चिकट श्लेष्म्याच्या पुट्यांत मात्र कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो. त्यांतील एक प्रकार मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो, तर स्वादुपिंडाच्या नलिकेत वाढणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन जपानी वैद्यांनी १९८२ मध्ये केले.

आभासी पुटी सहा सेंटिमीटरांहून मोठी झाली किंवा सहा आठवडे टिकली की पोट उघडावे, असा एके काळी दंडक होता. आता वेदना, उलट्या, कावीळ वा जंतुसंसर्ग असेल तरच तिला हात लावतात, आणि तोही बहुधा दुर्बिणीद्वारे, जठराच्या भिंतीतून वाट करून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. गुण दोन्ही उपायांनी सारखाच आला. पण दुर्बिणीच्या गटातील रुग्णालयातला मुक्काम सहा दिवसांवरून दोनवर आला आणि खर्चही निम्म्याहून कमी झाला. मात्र श्लेष्म्याची पुटी आभासी समजून जठरात मोकळी केली, तर तो घोर प्रमाद ठरतो. सबब पूर्वी पोटदुखीने रुग्णालयात राहावे लागले होते काय, हा साधा प्रश्न कोणत्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

शंका उरली तर दुर्बिणीच्या टोकावरील ध्वनियंत्राच्या साहाय्याने सुई घालून द्रव काढतात. त्याचा थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून ताणावा. सेंटिमीटरभर तार क्षणभर टिकली तर द्रव श्लेष्म्याचा असण्याचा संभव अधिक. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासाने सीईए या प्रथिनाची मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅम ही सीमारेषा घालून दिली. तिच्या आधारे निदान शंभरात ७९ वेळा बरोबर आले. त्यानंतर एक गमतीची गोष्ट उघडकीस आली. श्लेष्म्याच्या पुटीतील द्रवात साखर अत्यल्प असते! २०२१ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा साखरेच्या चाचणीने अशा पुट्यांपैकी सुमारे ९१ टक्के हेरल्या, तर सीईएने सुमारे ५६ टक्के. द्रव काढण्यास निष्णात हात लागतो खरा. पण साखर मोजण्याची सोय तालुक्याच्या गावीही असते, आणि आपल्यासारख्या देशात या शोधाचे मोल म्हणूनच अधिक. अर्थात, पुटी श्लेष्म्याची आहे एवढेच ही चाचणी सांगते. ती बिघडली आहे की नाही, हे नव्हे.

बिघडल्याची लक्षणे निराळी : कावीळ, पुटीच्या आत घट्ट गाठ, दहा मिलिमीटरपर्यंत रुंदावलेली मुख्य नलिका. अशा वेळी शस्त्रक्रिया टाळणे हा धोका होय. पण ती कोठे करावी? अमेरिकेतील २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात, ही शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत शंभरातील १६ रुग्ण दगावले, तर ती नित्य होणाऱ्या रुग्णालयांत चारांहून कमी. नाशिकच्या रुग्णाने घराजवळची सोय पाहण्याऐवजी परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी जाण्याचा त्रास घ्यावा, यास याहून सबळ कारण नको.

लक्षणे नसलेल्या पुटीवर किती वर्षे नजर ठेवावी, याबाबत मात्र तज्ज्ञांतच एकमत नाही. पाच वर्षांत बदल न झाल्यास तपासणी थांबवावी, असे अमेरिकेतील एका संस्थेने २०१५ मध्ये सुचविले. इतरांनी ते अमान्य केले. या वादाच्या निर्णयासाठी तेथे २०२० मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी योजण्यात आली. पण त्या संकल्पातील रुग्ण परदेशचे; आपल्याकडील मद्य, खडे, क्षय, वारंवार येणारी स्वादुपिंडाची सूज यांचा हिशेब तीत कोण मांडणार?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी तेथे प्रबंध सादर करतात. तीन वर्षांत विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. पुटीला मात्र दहा वर्षे पाहावे लागते. विद्यापीठाने या विकाराची एक सामाईक नोंदवही चालवावी, आधीच्या विद्यार्थ्याचे रुग्ण पुढच्याकडे सोपवावेत, आणि प्रत्येक नोंदीत पुटीची लांबी-रुंदी, नलिकेची रुंदी, पूर्वीच्या सुजेचा इतिहास व पुढील तपासणीची तारीख असावी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो पत्ता बदललेल्या रुग्णाला शोधून काढणारा एक पगारी कारकून, आणि नेमकी त्याचीच तरतूद संशोधनाच्या अंदाजपत्रकात सहसा कोणी करीत नाही.