चोख सोन्याची सातशे वर्षे

बायझंटाईन सोन्याच्या नाण्याची कथा सम्राट पहिल्या कॉन्स्टंटाईनपासून सुरू होते. तिसऱ्या शतकात रोमन नाण्यांत इतके हीण मिसळले गेले होते, की बाजाराचा त्यांवरचा भरवसाच उडाला होता. इसवी सन 310 च्या आसपास कॉन्स्टंटाईनने एक नवे सोन्याचे नाणे पाडायला घेतले. एका रोमन पौंड सोन्यातून बरोबर 72 नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम. आपल्या जुन्या हिशेबाने साडेचार माशांहून किंचित जास्त. त्याचे नाव सॉलिडस. ग्रीक बोलणारी प्रजा त्याला नोमिस्मा म्हणे. राजधानी बॉस्फरसच्या काठी कॉन्स्टँटिनोपलला गेली, पश्चिमेकडचे साम्राज्य पाचव्या शतकात कोसळले, पूर्वेकडचे, म्हणजे बायझंटाईन, तेवढे उरले, सम्राट आले आणि गेले, तरी या नाण्याचे वजन आणि कस अकराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांपर्यंत जवळपास ढळला नाही. चलनाच्या इतिहासात याच्या तोडीचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

संग्राहकांची ओढ इथेच आहे. नाण्याचे सोने साऱ्या जगात सारखेच. पण या नाण्यांवर सातशे वर्षांची शिस्त आणि मग ती शिस्त मोडल्याची कहाणी दोन्ही उमटलेल्या आहेत, आणि ती वाचायला वजनकाटा, भिंग आणि थोडा अभ्यास एवढेच लागते.

सहाव्या शतकातला सम्राट पहिला जस्टिनियन याचे नाणे हातात घेतले, तर बऱ्याच गोष्टी एकदम दिसतात. व्यास साधारण दोन सेंटिमीटर. दर्शनी बाजूला शिरस्त्राण आणि चिलखत घातलेला सम्राट समोर पाहतो आहे. उजव्या हातात क्रूस बसवलेला गोल, डाव्या खांद्यापाशी ढाल आणि तिच्यावर घोडेस्वाराचे अगदी बारीक चित्र. ही समोरून पाहणारी मुद्रा 538 च्या सुमारास आली. त्याआधीच्या नाण्यांवर सम्राटाचा चेहरा किंचित वळलेला आणि खांद्यावर भाला असे. मागच्या बाजूला लांब क्रूस धरलेला देवदूत उभा असतो. जुन्या रोमन नाण्यांवरची पंखधारी विजयदेवताच सहाव्या शतकाच्या आरंभी देवदूताच्या रूपात बदलली. भोवतीच्या लेखाच्या शेवटी एक सुटे ग्रीक अक्षर असते. टांकसाळीतल्या दहा कार्यशाळांपैकी नाणे कोणत्या कार्यशाळेने पाडले, हे त्यावरून कळते. नाणे हलके किंवा हिणकस निघाले, तर जबाबदार कोण हे त्या एका अक्षराने ठरे.

देवदूताच्या पायाखाली ‘कॉनॉब’ ही पाच अक्षरे असतात. पहिली तीन कॉन्स्टँटिनोपलची, उरलेली दोन शुद्ध केलेल्या सोन्याची खूण. ग्रीक अंकलेखनात हीच शेवटची दोन अक्षरे 72 हा आकडाही दाखवतात. पुढे हा शिक्का इतका प्रतिष्ठित झाला, की इतर शहरांतल्या टांकसाळींनीही तो तसाच वापरला. म्हणून केवळ ही अक्षरे पाहून टांकसाळ ठरवता येत नाही. छापाची ढब, अक्षरांचे वळण आणि चकतीचा आकार पाहावा लागतो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची सातव्या शतकातली नाणी याबाबतीत लगेच ओळखू येतात: वजन तेच, पण चकती लहान आणि मण्यासारखी जाड.

चित्रांमधले सर्वांत मोठे वळण दुसऱ्या जस्टिनियनच्या काळात आले. 692 ते 695 या वर्षांत त्याने नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचा चेहरा आणला आणि स्वतः मागच्या बाजूला गेला. लेखात ख्रिस्ताला राजाधिराज आणि स्वतःला ख्रिस्ताचा सेवक म्हटले. जवळजवळ त्याच सुमारास दमास्कसच्या खलिफा अब्द अल मलिकने उलट दिशा धरली. बायझंटाईन नाण्यांच्या धर्तीवर पाडलेले आपले सचित्र दिनार त्याने बंद केले आणि हिजरी 77 पासून, म्हणजे 696–97 पासून, फक्त अक्षरे असलेला दिनार सुरू केला. या दोन निर्णयांचा परस्परसंबंध किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ही दोन नाणी शेजारी ठेवली, की दोन सत्तांमधला वाद हाताच्या तळव्यावर मावतो. बायझंटाईन साम्राज्यातच मूर्तिभंजनाचा काळ आला तेव्हा ख्रिस्ताची प्रतिमा नाण्यांवरून नाहीशी होती. 843 मध्ये प्रतिमापूजा पुन्हा मान्य झाल्यावर ती परतली.

व्यक्तींच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना सम्राज्ञी आयरीनचे नाणे खुणावते. 797 मध्ये पोटच्या मुलाला आंधळे करून तिने राज्य स्वतःच्या हाती घेतले आणि सॉलिडसच्या दोन्ही बाजूंना स्वतःचीच प्रतिमा छापली. पहिल्या आयझॅक कॉम्निनसने (1057–59) नाण्यावर उपसलेली तलवार हाती घेतली. राज्य ईश्वरकृपेने नव्हे तर आपल्या मनगटाच्या जोरावर मिळवले असे तो सांगतो आहे, म्हणून समकालीनांनी त्याला नावे ठेवली.

तोवर नाण्याचा कस घसरू लागला होता. चौथ्या मायकेलच्या कारकिर्दीत (1034–41) घसरणीची सुरुवात झाली, नवव्या कॉन्स्टंटाईनच्या अखेरीस 24 कॅरटचे सोने 18 कॅरटवर आले, तिसऱ्या निकेफोरसच्या वेळी (1078–81) आठवर. पहिल्या अलेक्सियसच्या सुरुवातीच्या वर्षांत तर नाण्यात सोने नावापुरतेच उरले. मँझिकर्टच्या लढाईतला 1071 चा पराभव, हातून गेलेले प्रांत आणि सैन्याचा खर्च ही कारणे घसरणीच्या शेवटच्या टप्प्यासाठी पटतात. आरंभासाठी पटत नाहीत, कारण तेव्हा साम्राज्य सुस्थितीत होते. अशी नाणी ओळीने मांडली तर पिवळा रंग पांढुरका होत गेलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. याच काळात चकती रुंद, पातळ आणि बशीसारखी खोलगट झाली. 1092 मध्ये अलेक्सियसने साडेवीस कॅरटचे हायपरपायरॉन हे नवे नाणे आणून घडी पुन्हा बसवली. ती पहिल्याइतकी टिकली नाही. फ्लॉरेन्सने 1252 मध्ये फ्लोरिन आणि व्हेनिसने 1284 मध्ये डुकॅट काढला आणि व्यापाऱ्यांचा विश्वास तिकडे वळला. चौदाव्या शतकाच्या मध्यावर बायझंटाईन सोन्याचे नाणे कायमचे बंद झाले. महाराष्ट्रातल्या पुतळ्यांच्या माळेत पुढे जी पुतळी ओवली गेली, ती मुळात या व्हेनिशियन डुकॅटचीच.

संग्रह करणाऱ्याला या नाण्यांचा एक फायदा आहे: ती मोठ्या संख्येने पाडली गेली आणि पुरून ठेवलेल्या ठेव्यांतून मोठ्या संख्येने सापडली. पहिला जस्टिनियन, मॉरिस, फोकस, हेराक्लियस या सम्राटांची साधी सॉलिडस नाणी जगभरच्या लिलावांत नेहमी येतात आणि दुर्मीळ नाण्यांच्या मानाने त्यांची किंमत कमी असते. आयरीनचे नाणे किंवा दुसऱ्या जस्टिनियनचे उत्तम छापाचे नाणे ही गोष्ट वेगळी. तिथे दुर्मीळता आणि छापाचा ठसठशीतपणा भाव ठरवतात. अर्धे आणि एक तृतीयांश वजनाची छोटी नाणीही असतात. नवख्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

बनावट नाण्यांचा धोका मात्र कायम आहे. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि कडेला जोडाची रेष दिसू शकते. ठशाने पाडलेली नक्कल ओळखणे अवघड, कारण तिचे सोने आणि वजनही बरोबर असू शकते. तिथे एकाच ठशाची दुसरी नाणी शोधून ताडून पाहावे लागते. यासाठी वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहाची 1966 ते 1999 या काळात निघालेली पाच खंडांची सूची हा आधार मानला जातो. तिच्यामागे केंब्रिजचे इतिहासकार फिलिप ग्रिअर्सन यांची अनेक दशकांची मेहनत होती. त्यांनी स्वतः जमवलेली मध्ययुगीन युरोपीय नाणी आज केंब्रिजच्याच फिट्झविल्यम संग्रहालयात आहेत. कात्रलेल्या कडा, दागिन्यात बसवल्याच्या खुणा, जुन्या व्यापाऱ्यांनी ओरखडलेली अक्षरे यांनी लिलावातला भाव पडतो. पण इतिहासाच्या दृष्टीने नाणे कमी बोलके होत नाही, उलट जास्तच होते.

याचा उत्तम पुरावा भारतात आहे. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकातल्या अक्की आळूरच्या ठेव्यात, पाचव्या-सहाव्या शतकांतली बायझंटाईन सोन्याची नाणी आणि त्यांच्या स्थानिक नकला सापडल्या आहेत. दक्षिणेत सापडणाऱ्या अशा कितीतरी नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोके पाडलेली असतात. ती गळ्यात घालण्यासाठी. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने आपल्या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या कालियाना या बंदराचा उल्लेख केला आहे. बहुतेक अभ्यासक ते ठाणे जिल्ह्यातले कल्याण मानतात. सिंहलद्वीपाच्या राजापुढे रोमन आणि इराणी व्यापाऱ्यांत कोणाचा राजा मोठा यावर वाद झाला, तेव्हा रोमन व्यापाऱ्याने दोघांची नाणी राजासमोर ठेवायला सांगितली, आणि इराणच्या चांदीपुढे रोमच्या सोन्याने बाजी मारली, ही गोष्टही कॉस्मसनेच सांगितली आहे.

कायद्याची बाजू प्रत्येक संग्राहकाने जाणून घेतली पाहिजे. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणे गुन्हा आहे, म्हणून नाणे कोणत्या जुन्या संग्रहातून आले याचा कागद नसेल तर ते घेऊच नये. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. घरच्या जुन्या दागिन्यात भोके पाडलेले, परकी अक्षरांचे सोन्याचे नाणे आढळले, तर ते आटवायला देण्याआधी एकदा जाणकाराला किंवा जवळच्या संग्रहालयात दाखवावे.