केव्हीएम स्विच

केव्हीएम स्विच : कळफलक, माऊस आणि एक वा अनेक मॉनिटर यांचा एकच संच निरनिराळ्या संगणकांना आळीपाळीने जोडून देणारे साधन. कीबोर्ड, व्हिडिओ व माऊस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. एका संगणकाचे चित्र अनेक पडद्यांवर एकाच वेळी दाखविणाऱ्या साधनाला विभाजक म्हणतात. त्याच्याहून हे साधन भिन्न आहे. विभाजकात निवड नसते, तर स्विचमध्ये निवड हेच मुख्य कार्य असते.

तत्त्व : या साधनाचे कार्य रेल्वेच्या सांध्यांच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड जंक्शन येथे नागपूरकडून येणारा मार्ग गोंदिया–बल्लारशाह मार्गास मिळतो. अशा ठिकाणी सांधे ज्या बाजूस बसविले असतील त्या मार्गानेच गाडी जाते. मात्र सांधे बदलण्यासाठी दोन्ही मार्गांचे रूळांतर सारखे असावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोंदियाकडील मार्गाचे रुंदीकरण झाले, परंतु नागपूरकडील मार्ग अरुंदच राहिला. त्यामुळे त्या मार्गावरील वाहतूक रूळांतर बदलण्याच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद होईपर्यंत प्रवाशांना नागभीड येथे गाडी बदलावी लागे. स्विचच्या बाबतीतही असेच असते. संगणकाकडून येणारा संकेत व मॉनिटर स्वीकारीत असलेला संकेत एकाच मानकाचे असतील, तरच केवळ जोडणी बदलून काम भागते. ते भिन्न असतील, तर मध्ये परिवर्तक बसवावा लागतो.

इतिहास : प्रारंभीचे स्विच यांत्रिक होते. खुंटी फिरवून एका संगणकाच्या तारा तोडावयाच्या व दुसऱ्याच्या जोडावयाच्या, एवढेच त्यांचे कार्य असे. त्यात एक मोठी अडचण होती. त्या काळातील अनेक संगणक सुरू होताना कळफलक जोडलेला आहे की नाही याची तपासणी करीत आणि तो न आढळल्यास पुढील काम थांबवीत. त्यामुळे निवड न झालेला संगणक अडून राही. यावर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनिकीय स्विच पुढे आले. त्यांतील मंडल प्रत्येक संगणकाला कळफलक व माऊस सतत जोडलेले असल्याचा भास करून देते. ‘केव्हीएम’ ही संज्ञा १९९५ च्या सुमारास रूढ झाली. त्यानंतर जोडणीची मानके बदलत गेली. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए या सदृश संकेताच्या मानकाची जागा पुढे डीव्हीआय (१९९९), एचडीएमआय (२००२) व डिस्प्लेपोर्ट (२००६) या अंकीय मानकांनी घेतली आणि कळफलक व माऊस यूएसबी मानकानुसार जोडले जाऊ लागले.

अनेक मॉनिटरांची रचना : प्रत्येक संगणकाला तीन चित्रनिर्गम आहेत आणि असे चार संगणक तीन मॉनिटरांवर आळीपाळीने वापरावयाचे आहेत, असे समजू. येथे दोन रचना संभवतात. पहिल्या रचनेत प्रत्येक मॉनिटरासाठी चारांतून एक निवडणारा स्वतंत्र निवडक असतो व तिन्ही निवडक एकदमच फिरतात. यात जोडबिंदूंची संख्या ३ × ४ म्हणजे १२ होते. एका वेळी एकाच संगणकाची सर्व चित्रे दिसतात. दुसऱ्या, म्हणजे जालक रचनेत, कोणत्याही संगणकाचा कोणताही निर्गम कोणत्याही मॉनिटरावर नेता येतो. त्यासाठी १२ × ३ म्हणजे ३६ जोडबिंदू लागतात. दूरध्वनी केंद्रातील क्रॉसबार पद्धतीचेच हे तत्त्व होय. या रचनेत डावीकडे एका संगणकाचे व उजवीकडे दुसऱ्याचे चित्र ठेवता येते. परंतु जोडबिंदूंची संख्या गुणाकाराने वाढत असल्याने खर्चही झपाट्याने वाढतो.

मॉनिटरची ओळख : प्रत्येक आधुनिक मॉनिटर आपला उत्पादक, पडद्याचा आकार व पेलणारी चित्रमाने यांची माहिती संगणकाला पुरवितो. या माहितीचा मूळ ठोकळा १२८ बाइटांचा असतो व त्यास ईडीआयडी म्हणतात. साध्या स्विचमध्ये निवड बदलताच आधीच्या संगणकाला आपले मॉनिटर काढून घेतल्यासारखे वाटते. मग तो सर्व खिडक्या उरलेल्या पडद्यावर गोळा करतो किंवा चित्रमान उतरवितो, आणि परत त्या संगणकाकडे आल्यावर मांडणी विस्कटलेली आढळते. चांगल्या स्विचमध्ये ही माहिती साठवून ठेवलेली असते व ती प्रत्येक संगणकाला अखंड मिळत राहते. अनेक मॉनिटर वापरणाऱ्याने स्विच निवडताना हा गुण प्रथम पाहावा.

संकेताचा वेग : १,९२० × १,०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा व प्रत्येक बिंदूस २४ बिट या प्रमाणात दाखविण्यासाठी सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट वाहून न्यावे लागतात. ३,८४० × २,१६० बिंदूंच्या चित्रास याच्या चौपट, म्हणजे सुमारे १,२०० कोटी बिट लागतात. प्रत्यक्ष केबलमधून जाणारे प्रमाण समकालनादी संकेतांमुळे याहूनही अधिक असते. म्हणून जुन्या मानकाच्या स्विचला नवा मॉनिटर जोडल्यास चित्र मुळीच न येणे किंवा मधूनमधून नाहीसे होणे असे दोष उद्‌भवतात. केबल जितकी लांब तितका संकेत क्षीण होतो. अंतर अधिक असल्यास प्रकाशीय तंतू वा संगणक-जाल यांमार्फत संकेत नेणारी साधने वापरतात.

उपयोग व दक्षता : सेवा-संगणकांच्या खोल्या, ध्वनिचित्र संकलनाचे कक्ष, रेल्वेची व वीज वितरणाची नियंत्रण कार्यालये अशा ठिकाणी या साधनाचा उपयोग होतो. कार्यालयाचा व स्वतःचा असे दोन संगणक एकाच मेजावर वापरणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते.

नियंत्रण कक्षात मात्र ही सोय धोक्याचीही ठरू शकते. चंद्रपूर येथील २,९२० मेगॅवॉट स्थापित क्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्रासारख्या मोठ्या केंद्रात अनेक संच एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचे पडदे दिसावयास सारखे असतात. अशा स्थितीत एकाच कळफलकावरून अनेक संगणक चालविल्यास एका संचासाठी दिलेली आज्ञा दुसऱ्याच संचाला जाण्याचा संभव असतो. तसेच निवड न झालेल्या संगणकावरील धोक्याची सूचना प्रचालकाच्या नजरेस पडत नाही. यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची ठेवावी. निवडलेल्या संगणकाचा दिवा ठळक असावा. सूचनादर्शक पडदा व आपत्कालीन थांब्याची कळ स्विचमधून न नेता थेट जोडावी. स्विच स्वतःच बिघडला, तर त्यावरील सर्व संगणक एकदम हाताबाहेर जातात. म्हणून निदान एका संगणकाला पर्यायी कळफलक व मॉनिटर ठेवावेत.

गोपनीय माहितीचा संगणक व महाजालास जोडलेला संगणक एकाच स्विचवर असतील, तर एकातील माहिती दुसऱ्यात झिरपण्याची भीती असते. यासाठी विशेष सुरक्षित स्विच बनवितात. त्यांत कळफलकाकडून संगणकाकडे असाच एकेरी मार्ग असतो, स्मृती ठेवली जात नाही व प्रत्येक संगणकाची मंडले विद्युत्‌दृष्ट्या अलग असतात.

पर्याय : प्रत्येक संगणकाला स्वतंत्र मॉनिटर असून केवळ कळफलक व माऊस सामाईक करावयाचे असल्यास संगणक-जालावरून चालणारी कार्यप्रणाली पुरेशी होते. दूरच्या संगणकाचा पडदा जालावरून पाहण्याचीही सोय आहे. परंतु या दोन्ही पद्धती संगणकाची मूळ प्रणाली सुरू झाल्यानंतरच उपयोगी पडतात. संगणक सुरूच होत नसेल, तर त्याचा प्रारंभीचा पडदा पाहून दोष शोधण्यासाठी थेट तारेने जोडलेला स्विचच उपयोगी पडतो. त्यामुळे जालाचा प्रसार झाल्यावरही या साधनाचे महत्त्व टिकून राहिले आहे.