वेरूळचा दगड आणि आपली वंशावळ

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले असेल. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ जवळच. श्रावणात घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो, की लेण्यांकडेही पाय वळतातच. कैलास हे दगडावर दगड रचून बांधलेले देऊळ नाही. डोंगर वरून खाली कोरत कोरत ते घडवले आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे सुमारे १२५० वर्षांपूर्वीचे हे काम. आपण म्हणतो, "केवढं जुनं!"

पण ज्या दगडात ते कोरले, तो दगड किती जुना? चला, आज आपण हाच हिशेब करू.

दगडाचे वय

तुम्ही विहीर खणली असेल. आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो फोडता फोडता कधी मध्येच तांबूस मातीचा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. असे का होते?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन ठिकठिकाणी फाटली. भेगांतून तापलेला, पातळ दगडी रस वर आला आणि दूरवर पसरला. त्याला लाव्हा म्हणतात. तो थिजला, त्याचा पाषाण झाला. मग काही काळ शांतता. वरचा दगड झिजून त्याची माती झाली. तिच्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसले. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, सारे याच दगडाचे. आपली काळी मातीही त्याचीच झीज.

त्या काळी डायनोसोर नावाचे अजस्र प्राणी होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे त्यांची हाडे सापडली आहेत. एवढेच नव्हे, दगड बनलेले त्यांचे शेणही सापडले! २००५ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की त्या शेणात गवताचे बारीक अवशेष आहेत. भाताच्या नात्यातले गवतही त्यात होते. पुढे आकाशातून एक प्रचंड दगड मेक्सिकोजवळ आदळला आणि डायनोसोर संपले. त्यांची एकच शाखा उरली, ती म्हणजे पक्षी. तुमच्या परसातली कोंबडी त्याच घराण्यातली.

दोराचा हिशेब

कोटी कोटी वर्षे म्हटली, की डोके चालत नाही. म्हणून एक दोर घेऊ. एक हात दोर म्हणजे एक कोटी वर्षे. दोराचे एक टोक आपल्या मुठीत, ते म्हणजे आजचा दिवस.

पृथ्वीचा जन्म ४५० हातांवर आहे. विश्वाचा आरंभ तर त्याही पलीकडे, १३८० हातांवर. आरंभी लोखंड नव्हते, माती नव्हती. हलके वायू तेवढे होते. त्यांचे तारे बनले. ताऱ्यांच्या पोटातल्या भट्टीत लोखंड तयार झाले. तारे फुटले, तो माल आकाशात विखुरला. त्यातूनच पुढे सूर्य आणि पृथ्वी झाली. तुमच्या विळ्याचे लोखंड आणि तुमच्या रक्तातले लोह, दोन्ही एकाच भट्टीतले.

पृथ्वीवर पहिला जीव निदान ३५० हातांवर झाला. डोळ्यांनी दिसणारही नाही इतका बारीक. मासळीच्या घराण्यातले काही जीव ३७ हातांच्या सुमारास पाण्याबाहेर आले. वेरूळचा दगड साडेसहा हातांवर. आणि माणूस? आपल्यासारखा माणूस झाला त्याला सुमारे ३ लाख वर्षे झाली. म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी दोर! कैलास लेणे तर केसाच्या जाडीइतके जवळ.

बदल होतो कसा?

तुम्ही ज्वारीच्या बियाण्यासाठी कोणते कणीस राखता? टपोरे, भरलेले. दरसाल असेच राखले, तर वाण सुधारतो. जंगली गवताची ज्वारी अशीच झाली.

निसर्गातही निवड होते. फक्त तिथे निवडणारा शेतकरी नसतो. एका आईची लेकरे सारखी नसतात. कुणी चपळ, कुणी काटक. दुष्काळात जो तगतो, त्याला पिल्ले होतात आणि त्याचा गुण पुढे जातो. असे हजारो पिढ्या चालले, की प्राण्याचे रूपच बदलते. यालाच उत्क्रांती म्हणतात. डार्विन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली आपल्या पुस्तकात हे पुराव्यानिशी मांडले.

बोंडअळीचा धडा

"हे सारं जुनं झालं, आम्हाला त्याचं काय?" असे कुणी म्हणेल. तर मग कपाशीकडे पाहा.

२००२ साली बीटी कपाशी आली. त्या झाडातच बोंडअळीला मारणारे विष असते. प्रथम अळ्या मेल्या, उत्पन्न वाढले. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्ले वाढली. २००६ साली दोन विषे असलेले बियाणे आले. गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ सालच्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. अळी काही शिकली नव्हती. निवड झाली होती, आणि ती आपल्याच शेतात.

म्हणूनच बीटी नसलेली कपाशी कडेला लावा, असे सांगतात. तिथे साध्या अळ्या जगतात. त्यांचा विष पचवणाऱ्यांशी संकर होतो आणि तो गुण लवकर पसरत नाही. फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या रानात ठेवू नयेत, कामगंध सापळे लावावेत, हे सांगणेही अळीची साखळी तोडण्यासाठीच. उत्क्रांती न समजल्याचा दंड शेतकरी भरतो.

माकड आपले कोण?

वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. "माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?"

बरे, तुमचा चुलतभाऊ आहे ना? तुम्ही काही त्याच्यापासून जन्मला नाहीत. दोघांचे आजोबा एक. तसेच माणूस आणि चिंपांझी हे चुलतभाऊ. त्यांचा पूर्वज ६०-७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. दोरावर मोजाल, तर वीतभराहून थोडे जास्त.

आपल्यासारखा माणूस प्रथम आफ्रिकेत झाला. तिथून टोळ्या जगभर पसरल्या. आपल्या भागातही फार जुन्या माणसांच्या खुणा आहेत. पैठणजवळ मुंगी गावी गोदावरीच्या जुन्या थरात अकीक दगडाचे घडवलेले छिलके सापडले. चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. आज इथे रानात शहामृग नाही, पण त्याच्या कवचाचा दागिना करणारा माणूस होता.

त्या माणसाची जात कोणती? ती तेव्हा नव्हतीच. आजही रक्ताच्या पिशवीवर रक्तगट लिहितात, जात लिहीत नाहीत. सगळ्यांच्या वंशावळी मागे नेल्या, तर त्या एकाच घरी पोचतात. मग ज्याला आपण वेगळा पाणवठा दाखवला, तो कोण होता? तो आपला भाऊबंदच होता.

पुढच्या वेळी वेरूळला जाल, तेव्हा लेण्याच्या भिंतीवर हात ठेवून पाहा. दगड साडेसहा हात दोराचा, आणि त्यावर ठेवलेला हात बोटभराचा. पण सारा हिशेब मांडला तो त्या हाताच्या धन्यानेच.